तोफा-विमानं विकत घ्यायचं शिक्षण कुठे मिळतं?

सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) किंवा एमकॉम झालेली मुलं आमच्याकडे कॉस्टिंगच्या जागेसाठी इंटरव्ह्यूला येतात तेव्हा मी एक प्रश्न हमखास विचारते. समजा लष्कराला पाचशे गाड्या घ्यायच्यात, तर ते पैसे कुठून येतात, मंजुरी कोण देतं आणि कंपनीने सांगितलेली किंमत योग्य आहे की नाही हे कोण आणि कशावरून ठरवतं? मुलं हुशार असतात, जीएसटी तोंडपाठ, कॉस्ट ऑडिटचे नियम पाठ, पण इथे गप्प होतात. त्यांचा काहीच दोष नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आपल्याकडे डिफेन्समध्ये जायचं म्हणजे एनडीए, सीडीएस, फार तर डीआरडीओत सायंटिस्ट. पण जे लाखो कोटी दरवर्षी खर्च होतात त्या खर्चाचंही एक शास्त्र आहे, त्यात मास्टर्स करता येतं, नीट दीड-पावणेदोन वर्षं बसून शिकता येतं, हे घराघरात कुणाला माहीतच नाही आणि मला त्याची फार तळमळ आहे म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय.

मी भोसरीत एका वर्कशॉपची कॉस्ट शीट करते, आमचे पार्ट्स डिफेन्सला जातात. या विषयातलं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं निगोशिएशनच्या टेबलावर बसून कळलं आणि निम्मं मॉन्टेरीचे थिसिस वाचून.

मॉन्टेरी म्हणजे कॅलिफोर्नियातलं समुद्राकाठचं गाव, तिथे अमेरिकेच्या नौदलाचं नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल आहे. सुरुवात १९०९ ची, ॲनापोलिसला, आणि १९५१ मध्ये सगळं बिऱ्हाड उचलून पश्चिम किनाऱ्यावर आणलं, हॉटेल डेल मॉन्टे नावाच्या जुन्या आलिशान हॉटेलात. ती इमारत आजही आहे, हर्मन हॉल म्हणतात तिला. नावात नेव्हल असलं तरी आर्मी, एअर फोर्स, मरीन, सरकारी सिव्हिलियन आणि इतर देशांचे अधिकारी असे सगळे तिथे शिकतात. इंजिनिअरिंग, हवामान, ऑपरेशन्स रिसर्च असे बरेच विभाग आहेत पण माझ्या कामाचा विभाग म्हणजे डिफेन्स मॅनेजमेंट. तिथे एकाच छताखाली तीन गोष्टी शिकवतात: खरेदी आणि कॉन्ट्रॅक्ट, पैसा म्हणजे बजेट आणि कॉस्ट, आणि माणसं म्हणजे भरती, पगार, बढती, कोण टिकतं कोण सोडून जातं ते सगळं. शिकायला येणारे कोवळे पदवीधर नसतात, जहाजावर, विमानात, स्टोअरमध्ये आठ-दहा वर्षं काढलेले लोक असतात. आणि शेवटी थिसिस किंवा प्रोजेक्ट करावा लागतो, तोही आपल्याच खात्याच्या एखाद्या खऱ्या अडचणीवर. यातले बरेचसे थिसिस त्यांच्या कॅल्हून नावाच्या अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात, कुणीही वाचा.

हे एवढं सगळं का उभं राहिलं ते बघायला जरा मागे जावं लागतं. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत ४३५ डॉलरच्या हातोडीची बातमी आली आणि देशभर बोंबाबोंब झाली, की नेव्ही एका साध्या हातोडीला एवढे पैसे मोजते म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले. कॉस्टिंगवाल्यांनी ही गोष्ट नीट बघायलाच हवी. हातोडी होती साधारण १५ डॉलरची. ती एका मोठ्या स्पेअर पार्ट्सच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये होती आणि त्या कॉन्ट्रॅक्टचा इंजिनिअरिंग आणि इतर ओव्हरहेड, म्हणजे कुठल्याही एका वस्तूचा नसलेला सामायिक खर्च, यादीतल्या प्रत्येक आयटमवर सारखा वाटला होता, म्हणजे मोठ्या किमतीच्या अवघड पार्टलाही ४२० डॉलर आणि हातोडीलाही ४२० डॉलर. एकूण बिल तेवढंच, फक्त वाटप चुकीच्या पायावर. सीएमए इंटरच्या कुठल्याही मुलीला विचारा, ती सांगेल की ओव्हरहेड वाटायला मशीन अवर घ्या, मटेरियल घ्या, काहीतरी कारणाला धरून पाया घ्या. पण ते बिल बघणाऱ्याला हे कळलं पाहिजे ना! त्याला ते शिकवलेलं नसेल तर दोन्ही बाजूंनी नुकसान: स्वस्त वस्तू महाग दिसते आणि खरी महाग वस्तू स्वस्त दिसून कुणाच्या नजरेतच येत नाही. मला यातला दुसरा भाग जास्त गंभीर वाटतो.

त्या गदारोळानंतर रेगन यांनी १९८५ मध्ये एक आयोग नेमला, अध्यक्ष डेव्हिड पॅकार्ड, ह्युलेट-पॅकार्डमधले पॅकार्ड. १९८६ मध्ये रिपोर्ट आला, त्यात खरेदी करणाऱ्या लोकांच्या ट्रेनिंगवर आणि दर्जावर सरळ बोट ठेवलेलं होतं. त्यातून पुढे १९९० मध्ये कायदाच झाला, की संरक्षण खरेदीतली पदं हा एक वेगळा व्यवसाय आहे, त्याला ठरावीक शिक्षण हवं, ठरावीक अनुभव हवा, आणि मोठ्या प्रोजेक्टचा मॅनेजर हवा तेव्हा बदलायचा नाही. पाठोपाठ डिफेन्स ॲक्विझिशन युनिव्हर्सिटी निघाली, ती नोकरीतल्या लोकांना कोर्सेस देते. मॉन्टेरी डिग्री देतं, ही युनिव्हर्सिटी रोजच्या कामाचं ट्रेनिंग देते, अशी साधारण विभागणी.

आता प्रत्यक्ष काय शिकवतात ते. सगळं सांगत बसत नाही, मला सगळ्यात उपयोगी पडलेली एकच गोष्ट नीट सांगते, लर्निंग कर्व्ह. टी. पी. राइट नावाच्या विमान इंजिनिअरने १९३६ मध्ये मांडलं की विमानं बनवताना एकूण संख्या दुप्पट झाली की लागणारे तास एका ठरावीक टक्केवारीने उतरतात. ८० टक्क्यांचा कर्व्ह धरला, म्हणजे दर दुपटीला तास आधीच्या ८० टक्क्यांवर येतात असं धरलं, तर पहिल्या नगाला १०० तास, दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१ च्या आसपास. का उतरतात? ऑपरेटरचा हात बसतो, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची चौकट) सुधारतात, रिजेक्शन कमी होतं, टूल कधी बदलायचं ते कळतं, ड्रॉइंगमधली जी टॉलरन्स सुरुवातीला छळते ती कशी पकडायची ते सापडतं. आमच्या शॉपवर हे डोळ्यांनी दिसतं. नवीन जॉब लागला की पहिली बॅच रडत-रखडत जाते, इन्स्पेक्शनला गेज लागत नाही म्हणून पार्ट परत येतात, आणि तिसऱ्या बॅचला तोच ऑपरेटर दुपारच्या चहाच्या आधी दिवसाचं काम संपवून बसलेला असतो.

एका प्राइस निगोशिएशनला समोरच्या कमिटीतले एक अधिकारी मला म्हणाले, "मॅडम, मागच्या ऑर्डरला जेवढे तास लावले तेवढेच याही ऑर्डरला कसे?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला मनापासून आनंद झाला कारण असा प्रश्न क्वचितच येतो, बहुतेक वेळा नुसतं "पाच टक्के कमी करा" एवढंच असतं. मग मी त्यांना कागद काढून दाखवलं की मधे दोन ऑर्डरींमध्ये मोठा खंड पडला, तेव्हाचे दोन ऑपरेटर चाकणला गेले, फिक्स्चर दुसऱ्या जॉबला मॉडिफाय केलं, म्हणजे आम्ही कर्व्हवर खाली आलो होतो ते परत वर चढलो. त्यांनीही वही काढली आणि आम्ही दोघांनी मिळून तास ठरवले, थोडे त्यांच्या बाजूने थोडे आमच्या बाजूने, पण ठरले ते हिशोबाने. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच गणित येत असेल तर घासाघीस सुद्धा सभ्य होते आणि लवकर संपते. आणि हेही लगेच कळतं की ऑर्डर तुकड्या-तुकड्याने, मधे वर्षं घालवत दिली की सरकारलाच वस्तू महाग पडते, सप्लायर कितीही प्रामाणिक असला तरी.

हेच गणित फार मोठ्या आकाराचं बघायचं तर राफेल. २००७ मध्ये १२६ विमानांचं टेंडर निघालं, २०१२ च्या जानेवारीत राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी दासो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीची, ठरली, आणि ते ठरवताना नुसती खरेदीची किंमत बघितली नव्हती, विमान आयुष्यभर चालवायला किती खर्च येईल, म्हणजे लाइफ सायकल कॉस्ट, ती धरली होती. आपल्याकडे एवढ्या मोठ्या खरेदीला हे नवीनच होतं. मग वाटाघाटी तीन वर्षं अडकल्या, आणि अडकण्याचं एक कारण सरकारने पुढे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला दिलेल्या कागदपत्रांत सांगितलं ते असं, की भारतात विमान बनवायला एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) फ्रेंचांच्या २.७ पट मनुष्य-तास लागणार होते. शेवटी ते टेंडर मागे घेतलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा सरकार ते सरकार करार झाला, सही मनोहर पर्रीकरांची. त्या व्यवहाराचं राजकारण मला इथे काढायचं नाही. पण २.७ हा आकडा बरोबर की चूक, तो कितव्या विमानाचा, पहिल्या की शंभराव्या, कर्व्ह किती टक्क्यांचा धरला, हे प्रश्न जाहीर चर्चेत जवळपास कुणी विचारले नाहीत. टीव्हीवर महिनोन्महिने राफेल चालू होतं आणि लर्निंग कर्व्ह हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. विचारणारी माणसं तयारच केली नाहीत तर विचारणार कोण?

पैशांचा भाग थोडक्यात. अमेरिकेत आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पैशाला जणू एक्स्पायरी असते, रोजच्या खर्चाचा पैसा एका वर्षात बांधायचा (म्हणजे ऑर्डर किंवा कॉन्ट्रॅक्ट देऊन गुंतवायचा), संशोधनाचा दोन वर्षांत, शस्त्रखरेदीचा तीन वर्षांत, जहाजबांधणीचा पाच वर्षांत. एका खात्याचा पैसा दुसऱ्या कामाला वापरला तर कायदा मोडतो. मॉन्टेरीत हे सगळं मुळापासून शिकवतात, १९६१ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅकनामारा आणि त्यांच्या खात्याचा हिशोब बघणारे चार्ल्स हिच यांनी बजेटला दीर्घ प्लॅनिंगशी जोडलं तिथपासून. आपल्याकडे कॅपिटलचा, म्हणजे शस्त्रं-जहाजं घ्यायचा, पैसा सुद्धा ३१ मार्चला संपतो. जी गोष्ट बनायलाच सहा-सात वर्षं लागतात तिच्या पैशाला बारा महिन्यांचं आयुष्य, म्हणून मग फेब्रुवारी-मार्चमध्ये जी पळापळ होते ती डिफेन्सला माल देणाऱ्या प्रत्येकाला माहितीय, डिलिव्हरी ३१ च्या आत करा, इन्स्पेक्शन नोट ३१ च्या आत काढा. पंधराव्या वित्त आयोगाने न संपणारा मॉडर्नायझेशन फंड काढायची शिफारस केली होती. माझ्या मते ती शिफारस आपल्या संरक्षणासाठी एखाद्या नव्या क्षेपणास्त्राइतकीच महत्त्वाची आहे.

आता माणसांचा भाग, आणि हा मला सगळ्यात जास्त आवडतो कारण याला कुणी फायनान्स समजतच नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. त्याआधी गेट्स आयोगाने, ज्यात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन होते, मांडलं होतं की सक्तीने भरती केलेल्या सैनिकाचा पगार कमी दिसतो पण ती बचत नाही, तो त्या तरुणाकडून गुपचूप घेतलेला कर आहे. सक्ती संपली आणि एकदम प्रश्न उभा राहिला की माणसं येतील किती, टिकतील किती, आणि टिकवायला किती द्यावं लागेल. मॉन्टेरीत मॅनपॉवर ॲनालिसिसचा वेगळा मास्टर्स कोर्सच आहे. नेव्हीने २००३ पासून काही वर्षं एक पद्धत चालवली, जिथे कुणी जायला तयार नसतं अशा पोस्टिंगसाठी, इटलीत नेपल्स आणि सिगोनेला, जपानमध्ये मिसावा अशा जागांसाठी, खलाशांनी ऑनलाइन बोली लावायची की मला महिन्याला एवढे जास्त दिलेत तर मी जाईन. म्हणजे टेंडरच, पण उलटं! ज्याला जपानला जायचंच आहे तो कमी मागतो, ज्याच्या मुलांच्या शाळेचं अडतं तो जास्त मागतो किंवा बोलीच लावत नाही. जबरदस्तीने बदली करण्यापेक्षा हे मला खूपच माणुसकीचं वाटतं, आणि आकडाही मिळतो की त्या जागेची नावड किती रुपयांची आहे.

आणि आपल्याकडे हा विषय किती मोठा आहे बघा. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी, त्यात नवीन शस्त्रं-जहाजं-विमानं वगैरे कॅपिटलला १.८० लाख कोटी आणि पेन्शनला १.६० लाख कोटी. जवळजवळ बरोबरीने! ज्यांनी आयुष्य दिलं त्यांचं पेन्शन हा त्यांचा हक्क आहे, त्यावर माझं काहीही म्हणणं नाही. पण हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की समजतं की शस्त्रखरेदी आणि मनुष्यबळ हे दोन वेगळे विषय नाहीतच. २०२२ मध्ये अग्निपथ आलं, चार वर्षं सेवा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. त्यावर बाजूने-विरोधात सगळे तावातावाने बोलले, मग हे प्रश्न राहिले: रडार चालवणाऱ्याला तयार व्हायला किती महिने लागतात, तो तयार झाल्यावर किती महिने वापरता येतो, कुठल्या ट्रेडमध्ये चार वर्षं पुरतात आणि कुठल्यात अजिबात पुरत नाहीत. मॉन्टेरीत असल्या प्रश्नांवर एकेक माणूस सहा-सहा महिने आकडे घेऊन बसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, शिकवलं म्हणजे सगळं सुरळीत होतं असं नाही. अमेरिकेचा सेंटिनेल क्षेपणास्त्र प्रोजेक्ट २०२४ मध्ये ८१ टक्के महाग होऊन १४० अब्ज डॉलरच्या वर गेला, एवढी मोठी शिकलेली फौज असताना. पण तिथे कायदा आहे की मूळ अंदाजापेक्षा खर्च ठरावीक टक्क्यांवर गेला की संसदेला कळवायचं, कारण सांगायचं, आणि प्रोजेक्ट चालू ठेवायचा तर संरक्षण खात्याने लेखी प्रमाणित करायचं. ८१ हा आकडा आपल्याला कळला तोच त्यामुळे. मूळ अंदाज नीट लिहून ठेवलेला असला, आणि तो लिहिता येणारी माणसं असली, तरच तो किती चुकला हे सांगता येतं.

मग आपल्याकडे काहीच नाही का? तसं अजिबात नाही. सिकंदराबादला कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट १९७० पासून आहे, तिथल्या मोठ्या कोर्सला उस्मानिया विद्यापीठाची डिग्री मिळते, आणि तिथे खरंच चांगलं काम होतं. जबलपूरला मटेरियल मॅनेजमेंटचं कॉलेज आहे. नागपुरात ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या अधिकाऱ्यांची अकॅडमी, पुण्यात डिफेन्स अकाउंट्सच्या अधिकाऱ्यांची फायनान्शियल मॅनेजमेंटची अकॅडमी, गिरीनगरला डायट, म्हणजे डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. कारगिलनंतर २००१ मध्ये डिफेन्स ॲक्विझिशन कौन्सिल आणि खरेदीची वेगळी विंग झाली, पुढच्या वर्षी खरेदीची नवीन प्रोसिजर आली, आपल्या विजय केळकरांच्या समितीने २००५ मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडायचा रस्ता आखून दिला आणि त्याच सुमारास ऑफसेट, म्हणजे परदेशी कंपनीने कॉन्ट्रॅक्टच्या किमतीचा काही भाग भारतात गुंतवायची किंवा इथून खरेदी करायची अट, आलं, पर्रीकरांच्या काळात २०१६ ची प्रोसिजर गोव्यातल्या डिफेक्स्पोत जाहीर झाली, मग २०२० ची. नियम सारखे सुधारत गेले. माणसं घडवायचं मात्र तुकड्यातच राहिलं. अधिकारी एकीकडे शिकतो, अकाउंट्सवाला दुसरीकडे, फॅक्टरीवाला तिसरीकडे, आणि सप्लायर कुठेच नाही. शिवाय खरेदीच्या खुर्चीत बसलेला माणूस दोन-तीन वर्षांत बदलतो आणि खरेदी चालते सात-आठ वर्षं, म्हणजे गरज लिहिणारा एक, ट्रायल घेणारा दुसरा, किंमत ठरवणारा तिसरा. गुरुग्रामजवळ बिनोलाला नॅशनल डिफेन्स युनिव्हर्सिटीची कोनशिला २०१३ मध्ये बसली, तिथेही हे होऊ शकलं असतं, पण ती युनिव्हर्सिटी अजून उभी राहिलेली नाही.

माझं म्हणणं असं आहे की त्याची वाट न बघता हे पुण्यात सुरू करावं. पुण्यात काय नाहीये सांगा! सदर्न कमांड इथे, डिफेन्स अकाउंट्सचं मोठं ऑफिस इथे आणि त्यांची अकॅडमीही इथे, २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या त्यातली म्युनिशन्स इंडिया इथे, खडकी आणि देहूरोडच्या फॅक्टऱ्या, डीआरडीओच्या लॅब, डायट, पब्लिक फायनान्स शिकवायला गोखले इन्स्टिट्यूट, आणि भोसरी-चाकणची हजारो वर्कशॉप्स. एक दोन वर्षांचा मास्टर्स, संध्याकाळचा असला तरी चालेल, ज्यात एका बाकावर मेजर, त्याच्या शेजारी अकाउंट्सची अधिकारी, मागे फॅक्टरीचा एस्टिमेटर आणि त्याच्या बाजूला माझ्यासारखी सप्लायरची कॉस्टिंगवाली. गोपनीयतेचं काय, हा प्रश्न येणारच. तर मॉन्टेरीतही गोपनीय काम वेगळं ठेवतात आणि बाकीचं छापतात. ओव्हरहेडचा पाया, कर्व्हची टक्केवारी, ऑर्डरींमधला खंड यात गुपित असं फारसं काही नसतं.

थिसिसचे विषय तर मी आत्ता देऊ शकते. ३१ मार्चच्या घाईत घेतलेल्या मालाचं रिजेक्शन बाकीच्या महिन्यांपेक्षा जास्त असतं का? बिल उशिरा मिळतं म्हणून छोटे सप्लायर किमतीत किती टक्के आधीच वाढवून ठेवतात? मूळ ऑर्डर एकत्र दिली असती तर किती वाचले असते? फॅक्टरीतून रिटायर झालेल्या टर्नर-फिटरच्या जागा भरल्या नाहीत त्याचा पहिल्या बॅचच्या तासांवर काय परिणाम झाला? यातल्या प्रत्येकाचा डेटा कुठल्या ना कुठल्या रजिस्टरमध्ये पडून आहे.

ज्यांना आत्ताच सुरुवात करायचीय त्यांनी २०२० ची डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजर संरक्षण मंत्रालयाच्या साइटवरून उतरवून घ्या, फुकट आहे. जाडजूड आहे, घाबरू नका, आधी पहिला चॅप्टर वाचा म्हणजे बाय इंडियन वगैरे कॅटेगरी कळतील, मग दुसरा, त्यात गरज मंजूर होण्यापासून कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंतच्या पायऱ्या आहेत. त्याच्या जोडीला कॅगचे डिफेन्सवरचे रिपोर्ट वाचा, एकच खरेदी घ्या आणि तिच्या तारखा वहीत एकाखाली एक लिहून काढा. डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिस यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेसमधूनच मिळते, बऱ्याच मुलांना ती प्रेफरन्समध्ये कुठे ठेवायची हेही माहीत नसतं. आणि मॉन्टेरीच्या अर्काइव्हवर लर्निंग कर्व्ह, रिटेन्शन बोनस, कॉन्ट्रॅक्ट टाइप असे शब्द टाकून शोधा. थिसिसमधलं दुसरं प्रकरण आधी वाचायचं, बहुतेक वेळा बॅकग्राउंड तिथेच सोप्या भाषेत दिलेलं असतं. अडलं तर खाली विचारा, कॉस्टिंगचं असेल तर मी नक्की उत्तर देईन.